आडवं आलं की आधी ब्रेक, कट नंतर

तुम्ही लिहिलंय की दर शनिवारी ३५० सीसीच्या गाडीवर पुण्याहून दहिवडीकडे जाता. गेल्या महिन्यात फलटणच्या पुढे डाव्या हाताच्या शेतातून रेडकू आडवं आलं. तुम्ही हँडल उजवीकडे ओढलं, त्याच क्षणी ब्रेक दाबला, गाडी खालून निघून गेली आणि मनगट मोडलं. आता प्लॅस्टर निघत आलंय, आणि ८० च्या वेगात ऐनवेळी कट मारायची प्रॅक्टिस कुठे, कशी करायची हे तुम्हाला हवंय.

मी २४ वर्षं सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून फिरती केली. गाय अडली, म्हशीला फुगारा झाला की रात्री-अपरात्री निघायचं. सगळं बाइकवर, रोजचे साठ-सत्तर किलोमीटर. गेली ८ वर्षं रविवारी सकाळी गावातल्या पोरांना गाडी थांबवायला आणि वळवायला शिकवतोय. जे सांगतोय ते त्यातून आलेलं आहे.

तुमचा अपघात कट न जमल्यामुळे झाला, असं मला वाटत नाही. दोन कामं एकाच वेळी केली म्हणून झाला. टायरची रस्त्यावरची पकड ही एक भाकरी समजा. जोरात ब्रेक लावलात की त्याने चारही चतकोर खाल्ले, वळायला काही शिल्लक राहत नाही. जोरात वळवलीत की ब्रेकला शिल्लक राहत नाही. दोघांनी एकदम हात घातला की पुढचा टायर सुटतो, आणि तो सुटल्यावर माणसाला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून तुम्हाला आधी शिकायचंय ते ब्रेक आणि कट वेगळे ठेवायला. नुसता कट शिकून हा अपघात टळला नसता.

आता थोडा हिशोब, कारण एकदा हा डोक्यात बसला की निर्णय सोपा होतो. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर, ६० म्हणजे १७ आणि ८० म्हणजे २२. कोरड्या, चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावायची सवय असलेला माणूस ४० वरून साधारण १० मीटरमध्ये थांबतो, ६० वरून २३-२४ मीटरमध्ये आणि ८० वरून ४० मीटरच्या थोडं पुढे. हे ब्रेक लागल्यानंतरचं झालं. त्याआधी दिसून, कळून, हात हलेपर्यंत एक ते दीड सेकंद जातो, तो वेगळा.

कट मारून दोन मीटर बाजूला सरकायला मात्र दीड ते दोन सेकंद लागतात, आणि वेग कमी असला म्हणून ते कमी होत नाहीत. म्हणजे ४० ला त्यासाठी १७ ते २२ मीटर रस्ता खर्च होतो, ६० ला २५ ते ३३. थोडक्यात, ४० ला ब्रेक सरळ जिंकतो, ६० लाही ब्रेकच जिंकतो, आणि ८० ला दोन्ही जवळपास सारखे पडतात. शिवाय ब्रेक अपुरा पडला तरी वाया जात नाही. ६० ने जाताना २० मीटरवर म्हैस उभी असेल आणि तुम्ही वेळेत पूर्ण ब्रेक लावलात, तर धडक बसेल ती बावीस-चोवीसच्या वेगाने. कट फसला तर तुम्ही पूर्ण ६० ने त्या म्हशीवर, नाहीतर समोरून येणाऱ्या एसटीवर जाता.

म्हणून मी पोरांकडून चारपैकी तीन वेळा ब्रेकचीच प्रॅक्टिस करून घेतो आणि एकदा कटची. पोरांना आधी हे आवडत नाही.

यातलं बरंच परिस्थितीवर आहे, तेही सांगतो. वरचे आकडे कोरड्या डांबराचे. पहिल्या पावसात धूळ आणि ऑइल वर येतं, ट्रॅक्टरच्या टायरांनी शेतातली काळी माती रस्त्यावर आणलेली असते, तिथे हे अंतर दीडपट-दुप्पट धरा. टायर गुळगुळीत झाले असतील तर आधी ते बदला, प्रॅक्टिस नंतर. गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊन घसरू न देणारी यंत्रणा, आहे का, असेल तर एकाच चाकाला की दोन्ही, हे कागदावर बघून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, पण कित्येक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक लॉक होऊ शकतं. आणि एबीएस सरळ उभ्या गाडीला सांभाळतं. गाडी कलंडलेली असताना ब्रेक दाबलात तर त्याचा फार भरवसा धरू नका. मागे आई बसलेली असेल, नाहीतर सीटवर तांदळाचं पोतं असेल, तर गाडीचं वागणं बदलतं: मागच्या चाकावर वजन येऊन मागचा ब्रेक जास्त कामाला येतो, आणि कट मात्र जड जातो. माझ्याकडे एक दूध घालणारा मुलगा यायचा. त्याला मी दोन्ही बाजूंना कॅन लावूनच प्रॅक्टिस करायला लावली, पाण्याने भरून. अर्धा भरलेला कॅन पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट असतो, कारण आतलं पाणी हिंदकळून थांबताना गाडी पुढे ढकलतं. हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं, आणि रस्त्यावर कळण्याऐवजी आवारात कळलं.

जागेचं सांगतो. चालू रस्त्यावर ही प्रॅक्टिस करायची नाही, रस्ता कितीही मोकळा दिसला तरी. आम्ही बाजार समितीच्या आवारात करतो, बाजार नसलेल्या दिवशी, सचिवांना रीतसर विचारून. एमआयडीसीतले प्लॉट न विकलेले रस्तेही रविवारी चालतात, फक्त आधी परवानगी घ्या आणि चालत एक फेरी मारा. खडी, चुरी, सांडलेलं ऑइल, झोपलेलं कुत्रं, सगळं बघून घ्या. सरळ १२०-१५० मीटर मिळाले की ५० पर्यंतची प्रॅक्टिस होते, आणि त्याहून जास्त वेगाची गरज नाही. ८० ला प्रॅक्टिस करायची नाही. हात ४० ला जे शिकतो तेच ८० ला करतो. ८० ला शिकायला गेलात तर पहिली चूकच भारी पडेल. आयएसआयचं पूर्ण तोंडाचं हेल्मेट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट, गुडघ्याला पॅड. सोबत एक माणूस हवाच. खुणांना विटा-दगड ठेवायचे नाहीत. मैदानावर रेघा मारतात ती फक्की आणा, आणि अर्ध्या कापलेल्या पाण्याच्या बाटल्या.

ब्रेकपासून सुरुवात. फक्कीची एक रेघ मारा. ३० च्या वेगाने या आणि पुढचं चाक रेघेवर आलं की दोन्ही ब्रेक आणि क्लच. पुढचा ब्रेक झटक्याने ओढायचा नाही, लिंबू पिळतो तसा पिळायचा: आधी अलगद, पुढचा शॉकअप खाली बसला असं जाणवलं की घट्ट, आणखी घट्ट. शॉकअप बसला म्हणजे वजन पुढच्या चाकावर आलं, आता ते चाक जास्त ब्रेक सोसू शकतं. एकदम ओढलात तर वजन यायच्या आत चाक लॉक होतं. ‘पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते’ असं आपल्याकडे लहानपणापासून सांगतात आणि लोक आयुष्यभर मागच्या ब्रेकवर गाडी चालवतात. थांबवायचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. ज्यांना पुढच्या ब्रेकने पाडलं, ते हँडल वळलेलं असताना, खडीवर किंवा घाबरून एकदम ओढल्यामुळे पडलेले असतात.

नजर समोर लांबवर, गुडघे टाकीला आवळलेले, कोपरं सैल. थांबल्यावर गाडी पहिल्या गियरमध्ये असायला हवी, कारण मागून ट्रक येत असेल तर लगेच निघायचंय. थांबलात तिथे खडूने खूण करा आणि पावलं मोजा. दूध घालणाऱ्या त्या मुलाने ४० वरून पहिल्यांदा गाडी थांबवली तेव्हा १९ पावलं झाली होती. तासाभराने बारावर आला. गाडी तीच, टायर तेच. फरक फक्त पुढच्या लिव्हरवरच्या चार बोटांत पडला होता.

एबीएस असेल तर एक गोष्ट मुद्दाम अनुभवा. पूर्ण ब्रेक दाबला की लिव्हर बोटांखाली थडथडते, कडकड आवाज येतो. ज्याने हे कधी अनुभवलं नाही तो काहीतरी मोडलं समजून ब्रेक सोडतो, नेमका नको तेव्हा. वीस-पंचवीस वेळा ती थडथड बोटांना कळू द्या. एबीएस नसेल आणि पुढचं चाक लॉक होऊन किंचाळलं तर लगेच सोडून पुन्हा पिळायचं. मागचं लॉक झालं आणि गाडी सरळ असेल तर सोडा. पण मागची बाजू एका अंगाला निघाली असेल तर तसंच दाबून धरून थांबा, कारण तिरक्या गाडीला अचानक पकड मिळाली तर ती माणसाला दुसऱ्या बाजूला फेकून देते. हे २० च्या वेगाने शाळेच्या मातीच्या मैदानावर करून बघा. तिथे मागचं चाक घसरण्याची भीती निघून जाते.

ब्रेक हाताला बसला की मग कट. इथे लोकांचा गोंधळ होतो तो एवढ्याचसाठी की वीस-पंचवीसच्या वर गाडी हँडल फिरवून वळत नाही, कलून वळते, आणि कलवायची कशी तर ज्या बाजूला जायचंय त्या बाजूचं हँडल पुढे ढकलून. उजवीकडे जायचंय, उजवा तळवा पुढे. वाचायला उलटं वाटतं, पण तुम्ही रोज नकळत हेच करता. ३५-४० ने सरळ जाताना उजव्या तळव्याने अगदी हलका दाब द्या आणि गाडी काय करते ते बघा. दहा मिनिटांत पटेल. तुम्ही त्या दिवशी उजवं हँडल अंगाकडे ओढलंत, म्हणजे गाडीला क्षणभर डावीकडे कलायला सांगितलंत, आणि त्यावर ब्रेक.

कटमध्ये दोन ढकल असतात. पहिली बाहेर निघायला, दुसरी परत सरळ यायला: उजवा तळवा, मग लगेच डावा. दुसरी विसरलात तर गाडी समोरच्या लेनमध्ये किंवा चारीत जाते. अंग सरळ राहू द्या, गाडी खालून कलू द्या. थ्रॉटल आहे तसा, बोटं ब्रेकवरून काढलेली. फक्कीने दीड मीटर रुंद ‘म्हैस’ काढा, तिच्या अलीकडे १५ मीटरवर एक रेघ. रेघेपर्यंत सरळ या, रेघेवर ढकला, म्हशीला वळसा, मग सरळ झाल्यावरच ब्रेक. २५ पासून सुरू करा, ४० पर्यंत जा. ४० ला रेघ आणखी पाच-सात मीटर मागे घ्या. दोन्ही बाजूंना सारखंच करा. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते, आणि रस्त्यावर ती कच्ची बाजू कधी ना कधी लागतेच.

शेवटी दोन्ही जोडायचे, पण एकामागून एक. सोबतच्या माणसाला पुढे बाजूला उभं करा. तुम्ही ४० ने या. तो ऐनवेळी दोन्ही हात वर करेल तर पूर्ण ब्रेक, तुमच्या डाव्या बाजूचा एकच हात तर डावीकडे कट, तुमच्या उजव्या बाजूचा तर उजवीकडे. नंतर आणखी एक: आधी जोरात ब्रेक लावून वेग अर्ध्यावर आणा, ब्रेक पूर्ण सोडा, मग वळवा. मधला ‘सोडा’ हा क्षण तुमच्या त्या शनिवारी नव्हता. मी पोरांना तो तोंडाने म्हणायला लावतो: दाब, सोड, ढकल. हेल्मेटच्या आत मोठ्याने म्हणायचं. पहिल्या पाच-सहा वेळा बोटं सुटत नाहीत, कारण भीतीने मूठ आवळते. ती सुटायला लागली की समजा काम झालं.

नजरेचं एक आहे. ज्याच्याकडे बघाल त्याच्यावर जाल. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच चाक पडतं. म्हशीकडे बघणं थांबवून मोकळ्या जागेकडे बघणं, हीसुद्धा प्रॅक्टिसनेच येणारी गोष्ट आहे. फक्कीची म्हैस ओलांडताना नजर पलीकडच्या बाटलीवर ठेवा.

आता तुमच्या रेडकाबद्दल, कारण हे मला जास्त कळतं. लहान पिल्लू रस्त्यावर आलं की ते कुठे आहे हे बघण्यापेक्षा त्याची आई कुठे आहे ते बघा. घाबरलं की ते आईकडेच पळणार. तुम्ही लिहिलंय की म्हशी उजव्या चारीत चरत होत्या. म्हणजे रेडकू डावीकडून उजवीकडे जाणारच होतं, आणि तुम्ही उजवीकडेच वळलात. सरळ ब्रेक लावून डावीकडेच राहिला असतात तर ते निघून गेलं असतं. शेळ्यांचं तसंच: एक ओलांडून गेली की बाकीच्या मागोमाग येणार, मध्ये फट दिसली तरी ती फट नसते. मेंढरांचा कळप आला तर इंजिन बंद करून उभं राहणं बरं. मोठ्या जनावराला वळसा घालायचाच झाला तर शेपटीकडून घाला. गाय-म्हैस दचकली तर सहसा पुढेच जाते. कुत्र्याचा मात्र भरवसा नाही, ते अर्ध्यातून परत फिरतं. त्याच्यासाठी कट मारायचा नाही. सरळ रेषेत जितका वेग कमी करता येईल तितका करायचा, आणि धडक टळत नाहीच असं दिसलं तर शेवटच्या क्षणी ब्रेक सोडायचा, हँडल घट्ट सरळ धरायचं, फूटरेस्टवर किंचित उठायचं. ब्रेक सोडला की दबलेला पुढचा शॉकअप वर येतो आणि धक्का सोसायला त्याला जागा मिळते. मी आयुष्य जनावरांत काढलंय, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण कुत्र्याला वाचवताना ट्रकखाली गेलेले तरुण मी ओळखीतले पाहिलेत.

हॉर्न वाजवायचा तर लांबून. दहा मीटरवर वाजवलेल्या हॉर्नने जनावर कुठेही उडी मारतं.

हीच ‘सोडा आणि उठा’ची रीत खड्ड्याला, न रंगवलेल्या गतिरोधकाला आणि ऊस हंगामात ट्रॉलीतून पडलेल्या उसालाही लागू आहे. त्याची प्रॅक्टिस सोपी आहे. आवारात दोन-तीन ऊस जुळवून आडवे ठेवा, २० ने काटकोनात या, आधी ब्रेक, उसाच्या जरा अलीकडे सोडा, उठा, हँडल सैल पण सरळ. तिरके जाऊ नका, चाक उसावरून सरकतं. रस्त्यावर मळणीला पसरलेलं सोयाबीन दिसलं तर लांबूनच वेग कमी करा आणि दाण्यांवर ना ब्रेक, ना कट. ते दाणे टायरखाली छर्‍यांसारखे गडगडतात.

साइडपट्टीचं विसरू नका. आपल्याकडे डांबराची कड आणि साइडपट्टी यांत कुठे कुठे वीतभर खोली असते. डावीकडे कट मारून तिथे चाक उतरलं की परत वर घेताना गाडी पडते. म्हणून गावाकडच्या रस्त्यावर जाताना मी सतत मनात विचारत असतो: आत्ता काही आडवं आलं तर जागा कुठे आहे? कित्येकदा उत्तर ‘कुठेच नाही’ असं येतं. तिथे वेग ५० च्या खाली आणणं एवढंच हातात असतं. रात्री तर हे फारच. डिपरच्या उजेडात चाळीसएक मीटर नीट दिसतं. ६० ने जाताना दिसून थांबायला पन्नासएक लागतात. नोव्हेंबर ते मार्च तुमच्या त्या रस्त्यावर लाइट-रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. मी २००७ साली अशाच एका ट्रॉलीला हातभर अंतर राखून थांबलो होतो. वेग ४५ होता म्हणून. लोंबणारी उसाची वाढी हेल्मेटच्या काचेला लागत होती. शक्य असेल तर अंधारात न निघता शनिवारी उजाडल्यावरच निघत जा.

मनगटाचं शेवटी. प्लॅस्टर निघालं म्हणजे लगेच गाडी नाही. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी गाडी डबल स्टँडवर लावून, बसून, पुढची लिव्हर पूर्ण ताकदीने पन्नास वेळा पिळून बघा. दुखलं किंवा थरथरलं तर अजून पंधरा दिवस थांबा. लिव्हर लांब वाटत असेल तर मेकॅनिककडून ती बोटांच्या टप्प्यात आणून घ्या, आणि तिचा कोन असा ठेवा की बोटं तिच्यावर असताना मनगट वाकत नाही. पहिले दोन रविवार फक्त ३० वरचे ब्रेक, कट नाही. त्यानंतर महिन्यातून दोनदा वीस मिनिटं पुरतात, पण ती सोडू नका. मी अजूनही पावसाळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी रेघ मारून पावलं मोजतो, आणि दरवर्षी दोन-तीन पावलं वाढलेली असतात. ती परत कमी होईपर्यंत फलटणच्या बाजूला जात नाही.